मावशीसाठी पिस्तूल शोधताना, आणि शील्ड ईझी ३८० चा सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

काका गेल्यावर चार महिन्यांनी मावशीचं कपाट आवरायला गेले होते, तेव्हा त्यांच्या पंच्यांच्या खणात एका पंच्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, पॉइंट थ्री एट, आणि पाचही घरं भरलेली. मावशी शांतपणे म्हणाली, अगं हो, माहितीये मला, कोणी घुसलं तर असू दे म्हणून ठेवलंय. म्हटलं तू कधी चालवलंयस का? तर म्हणे त्यात काय चालवायचंय, दाबायचं.

गोळ्या काढल्या, दोनदा बघितलं, दगडी शेकोटीच्या भिंतीकडे तोंड करून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं दाब. एका बोटाने चाप हलेना. मग दुसऱ्या हाताचं बोट पण लावलं, तोंड वाकडं झालं, नळी भिंतीवरून छतावर आणि छतावरून पंख्यावर गेली आणि तरी घोडा काही पडला नाही. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, बरणीचं झाकण उघडायला शेजारच्या आजोबांना हाक मारते. आणि असल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शन चाप, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, साधारण १२ पौंडांचा असतो, म्हणजे साडेपाच किलो. अर्धा किलोसुद्धा वजन नसलेली वस्तू हवेत स्थिर धरून एका बोटाने साडेपाच किलो ओढायचे, हे मलाच जड जातं.

तर हा रिव्ह्यू तिथून सुरू होतो. मावशी ७१ वर्षांची, पाच फुटाला एक इंच कमी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री कानातली मशीन काढून झोपते. घर टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या वायव्येला, हिल कंट्रीत, दोन एकरांत एकटंच. शेरीफच्या ऑफिसला फोन केला तर गाडी यायला वीस पंचवीस मिनिटं सहज. आमच्याकडे ऑस्टिनला ये म्हणून गळ घालून झाली, नाही म्हणते, तिची कडीपत्त्याची झाडं तिथे आहेत.

आधी न आवडणारं बोलून घेते. नवरा नुकताच गेलेला, बाई एकटी, झोप नाही, अशा घरात बंदूक आणून ठेवणं ही चोरापेक्षा मोठी काळजी असू शकते आणि हे विचारायची आपल्या लोकांना फार लाज वाटते. मी विचारलं. सरळ विचारलं, मावशी, तुला जगणं नको वाटतं का कधी? ती आधी चिडली मग रडली मग म्हणाली नाही गं, रात्री आवाज आला की भीती वाटते एवढंच. तिच्या डॉक्टरांशीही बोललो. आणि एक ठरवून घेतलं की पुढेमागे विसरायला लागली, औषधं दोनदा घ्यायला लागली, गॅस चालू राहायला लागला, की पिस्तूल आमच्याकडे येणार आणि त्यावर वाद नाही. टेक्सासमध्ये घरी बंदूक ठेवायला लायसन्स लागत नाही की नोंदणी नाही, त्यामुळे ती काढून घ्या असं सांगायला कोणी सरकारी माणूस येणार नाहीये, ते घरच्यांनाच करावं लागणार. काकांचं रिव्हॉल्व्हर पण असंच, काहीही कागद न करता मावशीचं झालं. मावशीला हे खरंच वाटेना. तिचं माहेर साताऱ्याकडचं, आजोबांची बारा बोअरची होती, दर निवडणुकीला ती पोलीस स्टेशनात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची, आणि आजोबा गेले तशी ती चौकीत गेली ती गेलीच.

मग पहिले पैसे कशावर घातले तर बंदुकीवर नाहीच. मागच्या दाराच्या चौकटीत साधे पाऊण इंची स्क्रू होते ते काढून तीन इंची घातले, बाहेर दोन सेन्सरचे दिवे, दार उघडलं की उशीखाली थरथरणारा अलार्म, कारण मशीन काढल्यावर तिला ऐकूच येत नाही तर चोर आलाय हे कळणार कसं. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी हे आधी करा, यातच निम्मी भीती जाते, मावशीची गेली.

राहिलेल्या निम्म्यासाठी दुकानात गेलो. पहिल्या दुकानाचं नाव घेत नाही पण काउंटरवरच्या भाऊने मावशीकडे बघितलं सुद्धा नाही, माझ्याशी बोलत होता, आणि दोन मिनिटांत जांभळ्या मुठीचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढून ठेवलं, लेडीजसाठी बेस्ट, हलकं आहे, जाम होत नाही. म्हणजे काकांचंच रिव्हॉल्व्हर, फक्त जांभळं आणि आणखी हलकं. हलकं म्हणजे सोपं हा जो गैरसमज आहे ना तो बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या माथी फार मारला जातो. गोळीचा झटका तेवढाच असतो, तो सोसायला बंदुकीचं वजन कमी असेल तर उरलेला सगळा आपल्या मनगटात येतो. ही असली चारशे ग्रॅमची रिव्हॉल्व्हरं खरं तर खिशात घेऊन फिरणाऱ्या सवयीच्या लोकांसाठी आहेत. मावशी मराठीत मला म्हणाली, चल गं, हा खेळणी विकतोय.

दुसरीकडे रेंजवर भाड्याने बंदुका मिळतात अशा ठिकाणी गेलो आणि माझं मत विचाराल तर हे केल्याशिवाय कोणासाठीही काहीही विकत घेऊ नका. तिथल्या शिकवणाऱ्या बाई साठीच्या, सकाळी चार तासांचा क्लास, त्यांनी पहिला तासभर गोळीला हातच लावू दिला नाही. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम धरून होईपर्यंत बोट चापावर नाही, आणि नेमाच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. मावशीने वहीत देवनागरीत लिहून घेतलं. एवढी वर्षं अमेरिकेत राहून ती अजून याद्या मराठीतच करते.

नंतर चार हत्यारं. एक स्टीलचं जरा जड रिव्हॉल्व्हर, झटका बरा पण चाप तोच, दहा गोळ्यांनंतर बोट थरथरायला लागलं. एक पोलिसांकडे असतं तसलं जाड मुठीचं नाइन एमएम, त्याची मूठ तिच्या हातात मावेना आणि स्लाइड, म्हणजे गोळी नळीत चढवायला मागे ओढायचा वरचा भाग, एक इंच मागे गेली की परत. एक पॉइंट टू टू, ते तिला एवढं आवडलं की सोडेना, झटका नाहीच, पण चाळीस गोळ्यांत दोन वेळा टिक झालं आणि काही नाही. ते त्या काडतुसाचं असतं, पॉइंट टू टूचा बारूद पेटवणारा मसाला कडेच्या घेरात असतो, मध्यभागी टोपीत नाही, त्यामुळे फुसकी निघण्याचं प्रमाण जरा जास्त. तरी जिला दुसरं काहीच झेपत नाही तिच्यासाठी तेच बरं असं त्या बाई म्हणाल्या, आणि मला ते पटलं, लागलेली छोटी गोळी न लागलेल्या मोठीपेक्षा बरी.

चौथं म्हणजे हे, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ३८० शील्ड ईझी. २०१८ साली आलं, नावातच ईझी आहे आणि जाहिरातबाजी असेल असं वाटलेलं. वजन साडेअठरा औंस म्हणजे साधारण सव्वापाचशे ग्रॅम, नळी पावणेचार इंचाच्या जराशी आत, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, आठ गोळ्या. सोपं कशामुळे ते सांगते. बाजारातल्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर गोळीवर आपटणारी सळई, असतो आणि स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग चांगली कडक लागते. यात आत लपलेला हॅमर म्हणजे घोडा आहे, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. शिवाय ३८० ची गोळी नाइन एमएमपेक्षा कमी जोराची. दोन्ही मिळून स्लाइड ओढायला जो फरक पडतो तो दुकानात हात लावला की लगेच कळतो.

तरी मावशीला पहिल्यांदा जमलं नाहीच. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड पकडून मागे ओढत होती, आणि चिमूट हीच तर तिची दुखरी जागा. त्या बाईंनी पकड बदलली. डावा तळवा वरून स्लाइडवर, चारी बोटं वळवून, पिस्तूल छातीजवळ, तोंड टार्गेटकडेच, आणि डाव्या हाताने ओढायचं नाही, उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. खट. मावशी थांबली, पिस्तुलाकडे बघितलं आणि म्हणाली, अगं हे चकलीच्या सोऱ्यासारखं आहे, बोटांनी नाही, दंडाने करायचं. त्या बाईंना सोऱ्या म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली पण मुद्दा त्यांना एकदम पटला. नंतर बारा वेळा पाठोपाठ केलं तिने.

मॅगझिन भरणं ही दुसरी शिक्षा असते, नवं मॅगझिन भरताना माझीसुद्धा नखं तुटलीयत. ईझीच्या मॅगझिनला बाजूला छोटी बटणं आहेत, ती खाली दाबून धरली की गोळ्या वरून अलगद सरकवायच्या. आत गोळी आहे का ते नळीच्या वरच्या बाजूला उंचवटा येतो त्यावरून अंधारात बोटाने कळतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईला हे फार उपयोगी. आणि साफसफाईसाठी उघडताना चाप ओढावा लागत नाही, बऱ्याच पिस्तुलांत तो ओढावा लागतो आणि आत गोळी राहिलीय हे विसरून लोक तिथेच अपघात करतात. वयस्कर माणसाच्या दृष्टीने मला तरी हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली, पण हिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

आता ग्रिप सेफ्टी. मुठीच्या मागे एक पट्टी आहे, ती तळव्याने पूर्ण दाबली गेल्याशिवाय चाप काम करत नाही. खाली पडलं, कोणी वेडंवाकडं उचललं, तर उडणार नाही. पण हात खाली धरला किंवा मूठ ढिली पडली तरी उडणार नाही, आणि ऐनवेळी मूठ ढिलीच पडते. मावशीचं पहिल्या दिवशी तीन वेळा झालं, चाप ओढतेय आणि काहीच होत नाहीये. उपाय एकच, हात मुठीवर अगदी वरपर्यंत चढवून धरायचा, आणि ते सवयीनेच येतं. पहिल्या शंभर गोळ्यांत दोनदा गोळीचं रिकामं टरफल अडकलं ते पण मनगट सैल सोडल्यामुळे, त्या बाईंनी त्याच पिस्तुलातून सलग तीस उडवून दाखवल्या, एक पण अडकली नाही. मनगट ताठ केल्यावर आत्तापर्यंत तिनेकशे गोळ्या झाल्यात, परत नाही अडकलं. अंगठ्याची वेगळी सेफ्टी असलेलं आणि नसलेलं अशी दोन मॉडेल मिळतात, आम्ही नसलेलं घेतलं. माझ्या नवऱ्याचं मत उलट होतं, जास्त सेफ्टी जास्त बरं, पण ७१ व्या वर्षी पहाटे तीन वाजता घाबरलेल्या बाईने आणखी एक छोटी दांडी आठवायची हे मला जमण्यासारखं वाटलं नाही. यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

नाइन एमएमची ईझी पण आहे, २०२० ला आली, वजन साडेचार पाच औंस जास्त. तीही उडवून बघितली. मी असते तर तीच घेतली असती, गोळ्या स्वस्त आणि कुठेही मिळतात, ३८० च्या महाग असतात आणि कोविडच्या काळात तर दिसतच नव्हत्या. पण मावशीने सहा गोळ्या झाडून पिस्तूल खाली ठेवलं आणि हात चोळत बसली. ३८० च्या पन्नास झाडून म्हणाली अजून आहेत का. विषय संपला. बंदूक आपल्या डोक्याने नाही तिच्या बोटांनी निवडायची, मी इतकी यूट्यूब बघून गेले होते त्यातलं निम्मं तिथे गळून पडलं.

ज्यांना वाटतं की पंप शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे करून भरायची लांब बंदूक, घ्या, नुसत्या कचकच आवाजाने चोर पळतो, त्यांनी पाच फुटाच्या माणसाच्या हातात ती देऊन बेडरूमच्या दारातून वळायला सांगा एकदा.

जुनं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीनेच सेफ्टी नोटीस काढली होती, १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या ईझींसाठी. काही पिस्तुलांचे हॅमर नीट बनले नव्हते, तुटू शकतात आणि चाप न ओढता गोळी सुटू शकते म्हणून. सिरीयल नंबर तपासून कंपनी फुकट बदलून देत होती. आम्हाला एक सेकंडहँड स्वस्तात मिळत होतं, विकणाऱ्याला याचा पत्ताच नव्हता. नवीन घेतलं, टॅक्स धरून साडेचारशे डॉलरच्या आत.

कागद मावशीनेच भरले, दुकानातून बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म ४४७३, तिथेच बसून, चष्मा पुसून पुसून. मी पैसे देऊन माझ्या नावाने घेऊन तिला भेट देऊ शकले असते, खरोखरची भेट चालते, पण तिला वापरायचंय तर तिच्याच नावाने असावं. एफबीआयची तपासणी पाच मिनिटांत झाली, टेक्सासमध्ये थांबायची मुदत वगैरे नाही. आणि आपल्या लोकांसाठी हे महत्त्वाचं, मावशी सिटिझन आहे, ग्रीन कार्डवाल्यांनाही चालतं, पण एच वन बी किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायला बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. त्यामुळे उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या बाबांच्या हातात फोटोसाठी म्हणून पिस्तूल देऊ नका प्लीज, मी हे एका गेट टुगेदरला बघितलंय.

तिजोरीत मात्र मी फसले. अंगठा लावला की उघडणारी आणली, दिसायला एकदम भारी. माझ्या अंगठ्याला दर वेळी उघडायची, मावशीच्या दहातल्या चार वेळा. वयात बोटांवरच्या रेघा झिजतात, कातडी कोरडी पडते, त्यात हिचे हात सतत कणकेत नाहीतर मातीत. मावशी म्हणे आमच्या गावाकडे रेशनच्या दुकानात आधारच्या मशीनवर म्हाताऱ्यांचा अंगठा उठत नाही तेच हे. परत केली. आता पाच बटणांची मेकॅनिकल आहे, बॅटरी नाही, अंधारात चाचपून उघडते, पलंगाशेजारच्या लाकडी कपाटाला आतून बोल्टने आवळलेली. नातवंडं आली की पिस्तूल कुठे आहे हे कधी आठवावं लागू नये, कारण ते कायम तिथेच असतं.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला नेम धरायला असतो त्या पांढऱ्या ठिपक्यावर तिने तिचं केशरी नेलपॉलिश लावलंय, त्याने खूपच फरक पडला, हे कोणीही करा. पिस्तुलाला खाली टॉर्च लावायची खाच आहे पण लावला नाही, मुद्दाम. टॉर्च पिस्तुलावर असला की बघायचं असलं तरी नळी रोखावी लागते, आणि रात्री पाणी प्यायला उठलेली आमची मुलगी असू शकते. साधा हातातला टॉर्च, दुसऱ्या हातात फोन, खोलीचं दार बंद, ९११ ला फोन, आणि पलंगाच्या पलीकडे बसून राहायचं. घरभर शोधत फिरायचं नाही. इथल्या भिंती जिप्समच्या, गोळी एका खोलीतून दुसरीत आरामात जाते, म्हणून घरात ठेवायच्या गोळ्या होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या, आणि मावशीने बसायची जागा अशी ठरवली की समोरच्या दारामागे दगडी शेकोटी येते, पाहुण्यांची खोली नाही. ही रंगीत तालीम आम्ही रिकाम्या हाताने तीनदा केली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, आता खरा चोर आला तर त्यालाही सांगते थांब, मला माझ्या जागेवर बसू दे.

मार्क द्यायचे तर पिस्तुलाला पाचापैकी साडेचार. अर्धा ३८० च्या गोळ्यांच्या भावासाठी कापला. रेंजवरच्या बाईंना सहा.

काकांचं रिव्हॉल्व्हर विकायला ती तयार नाही. ते रिकामं, त्याच पंच्यात, त्याच तिजोरीत खाली आहे.

हिवाळ्यात मावशी तीन महिने पुण्याला जाते. मागच्या आठवड्यात बॅगा भरायला गेले होते, केबिनमध्ये न्यायला तिने तिची आवडती जाड कापडी पिशवी काढली, लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानातली, औषधं, डबा, पासपोर्ट सगळं त्यात. म्हटलं हीच पिशवी तू रेंजवर नेतेस ना? हो, पण झटकून घेतलीय. म्हटलं एकदा उलटी कर. इकडे सिक्युरिटीला सापडलं तर दंड, तिकडे विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आणि पोलीस चौकी, माणूस कितीही वयाचं असो. तिने तोंडाने च्च केलं आणि ओट्यावर पिशवी उलटी केली. आवळासुपारीची पुडी, जुनी बिलं, एक सेफ्टी पिन, आणि सगळ्यात शेवटी अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतून एक पितळी ३८० घरंगळत आली आणि लाटण्याला टेकून थांबली.